डिग्री परदेशाची, परवाना इथला

गेल्या वर्षावासातली गोष्ट. कल्याण पूर्वेच्या आमच्या विहारात रविवारची वंदना झाली, ग्रंथवाचन झाले, लोक चपला शोधू लागले. एक गृहस्थ मात्र प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून मागेच थांबले होते. डोंबिवली एमआयडीसीत हेल्परचे काम करतात. (घरची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) पिशवीत मुलीचे कागद होते. मुलगी पाच वर्षे परदेशात शिकून दातांची डॉक्टर होऊन आली होती. वस्तीत सत्कार झाला, फ्लेक्स लागला, नावाआधी 'डॉ.' छापले गेले. मग दवाखाना टाकायच्या तयारीला लागली, तर नोंदणीच होईना.

"ताई, आपल्या जातीमुळं अडवतायत का हो?" त्यांनी हळूच विचारले.

हा प्रश्न वेडगळ नव्हता. आपल्या माणसाला एखाद्या खिडकीवरून परत पाठवले की पहिली शंका तीच येते, आणि ती उगाच येत नाही. पण आम्ही कागद पाहिले तेव्हा कारण दुसरेच निघाले. परदेशात दंतवैद्यकाची डिग्री घेतलेल्या भारतीय मुलाला इथे आल्यावर एक परीक्षा पास व्हावी लागते. ती तिने दिलीच नव्हती. अशी परीक्षा असते हे घरात कोणालाच नीट माहीत नव्हते. एजंटने "इंडियात गेल्यावर एक छोटीशी फॉर्मॅलिटी असते" एवढेच सांगितले होते. त्या फॉर्मॅलिटीपायी आज हे घर पतपेढीचे हप्ते फेडते आहे आणि मुलीची कमाई शून्य आहे.

त्यानंतर ठाणे, कळवा, डोंबिवली इथल्या ओळखीच्या मंडळांत चौकशी केली तेव्हा असेच प्रश्न आणखी घरांतून आले. कोणाचा मुलगा बाहेर शिकतो आहे, कोणाला पाठवायचे आहे, कोणाची बीडीएस झालेली सून दुबईला निघाली आहे. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान या एका विषयाला दिले आहे. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांइतकाच तो आपल्या सगळ्यांच्या तोंडाचाही प्रश्न आहे, ते पुढे येईलच.

डिग्री वेगळी, परवाना वेगळा

डिग्री म्हणजे तुम्ही शिकलात याचा कागद. तो विद्यापीठ देते. परवाना म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर उपचार करायची कायद्याने दिलेली परवानगी. ती विद्यापीठ देऊ शकत नाही, मग ते कितीही मोठे असो. ती नोंदणी करणारी परिषद देते. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा पास झालो त्या दिवशी घरी पेढे वाटले गेले, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हातात पडेपर्यंत परिचारिका म्हणून नोकरी मिळत नव्हती. नर्सचे तसे, वकिलाचे तसे, दातांच्या डॉक्टरचेही तसेच.

बाबासाहेबांचेच पाहा. १९२३ मध्ये ते लंडनहून परत आले तेव्हा ग्रेज इनचे बॅरिस्टर होते, कोलंबिया आणि लंडन या विद्यापीठांच्या डिग्र्या जवळ होत्या. तरी मुंबईच्या हायकोर्टात उभे राहायचे तर इथली सनद काढावीच लागणार होती, आणि सनदेसाठी पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले तेव्हा सनद निघाली आणि वकिली सुरू झाली. त्या गृहस्थांना आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. परदेशातून शिकून येणाऱ्याला इथल्या दारात थांबून सनद घ्यावी लागते, हे फक्त आपल्या पोरीच्याच वाट्याला आलेले नाही.

दातांच्या बाबतीत मात्र हे दार बऱ्याच उशिरा बसले. भारतातले पहिले दंत महाविद्यालय १९२० मध्ये कोलकात्यात सुरू झाले. ते सुरू करणारे डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेत आयोवा इथे शिकून आले होते. म्हणजे आपल्याकडच्या दंतशिक्षणाचा पायाच परदेशात शिकलेल्या माणसाने घातला. पण त्या काळी दात कोणीही काढायचे. वडीलधाऱ्या मंडळींना मुंबईतले चिनी डेंटिस्ट आठवत असतील, आणि रस्त्यावर फडके पसरून, त्यावर कवळ्या मांडून बसलेले दातवालेही. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा आला. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. या कायद्याने देशात दंत परिषद आणि राज्याराज्यांत नोंदणीवह्या सुरू झाल्या. वहीचे दोन भाग होते. 'अ' भागात शिकलेले. 'ब' भागात शिक्षण नाही, पण निदान पाच वर्षे त्याच धंद्यावर पोट चालवलेले. जुन्या लोकांची रोजीरोटी एकदम बुडू नये म्हणून ठेवलेली ती सोय होती. पुढच्या पिढीला मात्र शिकल्याशिवाय वहीत नाव नाही. आम्हाला ही तडजोड शहाणपणाची वाटते. गरीब कारागिराला तिने गुन्हेगार ठरवले नाही, आणि रुग्णालाही वाऱ्यावर सोडले नाही.

परीक्षा कोणती, कोण घेते

परदेशी डिग्री घेतलेल्या दंतवैद्यांची चाळणी परीक्षा दंत परिषदेच्या २००९ च्या नियमांनी सुरू झाली. तिला फॉरेन डेंटल स्क्रीनिंग टेस्ट, थोडक्यात एफडीएसटी म्हणतात. ती दिल्लीचे राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळ घेते. बीडीएस पातळीची वेगळी आणि एमडीएस म्हणजे पदव्युत्तर पातळीची वेगळी. ती पास झाल्यावर राज्याच्या दंत परिषदेत नाव लागते. आपल्यासाठी ती महाराष्ट्र राज्य दंत परिषद, मुंबईत.

परीक्षेला बसण्याआधीही काही कागद लागतात. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे, ज्या देशात डिग्री घेतली त्या देशातही तिच्यावर दंतवैद्य म्हणून नोंदणी होते, असा तिथल्या भारतीय दूतावासाचा दुजोरा. हे नीट समजून घ्या. काही देशांत बाहेरच्या मुलांसाठी इंग्रजीत कोर्स चालवतात आणि स्थानिक मुलांसाठी वेगळा. बाहेरच्या मुलाची डिग्री त्याच देशात चालत नसेल, तर इथे ती का चालावी? म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एकच प्रश्न लेखी विचारायचा: ही डिग्री घेऊन मी तुमच्याच देशात दातांचा दवाखाना उघडू शकतो का? उत्तर टाळले गेले तर तिथेच थांबायचे.

डिग्रीच्या नावावर जाऊ नका. आपल्याकडे बीडीएस म्हणतात, चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. अमेरिकेत डीडीएस किंवा डीएमडी म्हणतात. रशिया आणि जुन्या सोव्हिएत देशांत 'स्टोमॅटॉलॉजी' म्हणतात. त्या गृहस्थांच्या मुलीच्या प्रमाणपत्रावर हाच शब्द होता, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो पोटाच्या डॉक्टरचा वाटला. नाव काहीही असो, चाळणी चुकत नाही.

आता एक मोठा घोटाळा. परदेशी एमबीबीएसची परीक्षा वेगळी आहे. ती एफएमजीई. २००२ पासून चालू आहे, वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एफएमजीईचे नाव सगळ्यांनी ऐकलेले असते, म्हणून एजंट दातांच्या मुलांनाही "एफएमजीईचं कोचिंग आमच्याकडून फ्री" असे सांगून टाकतात. या मुलीलाही तेच आमिष होते. दातांच्या डॉक्टरला एफएमजीईचा काडीचा उपयोग नाही. पण एफएमजीईच्या निकालावरून एक गोष्ट कळते: बहुतेक वेळा पाचातला एखादा, फार तर दोघे पास होतात. ही मुले मठ्ठ असतात म्हणून असे होत नाही. बाहेरच्या अनेक कॉलेजांत पुस्तक शिकवतात, पण रुग्ण रशियन किंवा तिथली भाषा बोलतो, मुलाला ती येत नाही, मग तो लांब उभा राहून बघतो. आम्ही त्या मुलीला विचारले, "बाळ, स्वतःच्या हाताने दात किती काढलेस?" ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मोजून सांगता येतील इतकेच." तिच्या पाच वर्षांचा हिशेब या एका उत्तरात आहे.

एमबीबीएसला जाणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक आहेत, ते जाता जाता सांगतो, कारण आपल्याकडे दोन्हीकडे जाणारी मुले आहेत. २०१८ पासून बाहेर एमबीबीएस करायलाही नीट पात्र असणे सक्तीचे आहे. नोव्हेंबर २०२१ पासूनच्या नियमांत कोर्स निदान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि भारतात परत १२ महिन्यांची. कोर्स अर्धा एका देशात, अर्धा दुसऱ्या देशात असे चालत नाही. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा ठाणे जिल्ह्यातली मुलेही जीव मुठीत धरून परत आली, आणि अर्धवट कोर्स इथल्या कॉलेजात पुरा करू द्या म्हणून कोर्टात गेली. अशी तरतूद कायद्यात नाही, असे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. पैसे गेलेले, वर्षे गेलेली, आणि दार बंद.

नियम पुढेही बदलणार आहेत. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. त्यात 'नेक्स्ट (डेंटल)' नावाची परीक्षा ठरवली आहे. इथे शिकलेला आणि बाहेर शिकलेला, दोघांनाही परवान्यासाठी एकच परीक्षा. हे आम्हाला जास्त न्यायाचे वाटते. पण आज जो कोणी प्रवेश घेणार आहे तो पाच वर्षांनी परत येणार, म्हणजे परत येतानाचा नियम त्याला लागणार. एजंटच्या ऑफिसात भिंतीवर लावलेला जुना कागद त्या वेळी कामाला येणार नाही.

जातीचे काय

त्या बापाने विचारलेल्या प्रश्नाकडे परत येतो. ही पात्रता परीक्षा आहे, जागांची स्पर्धा नाही. शंभर पास झाले तर शंभरांना परवाना. म्हणून इथे आरक्षणाचा प्रश्न येत नाही आणि संगणकाला आडनाव दिसत नाही. परीक्षेच्या नावाने आपल्याला शतकानुशतके दाराबाहेर ठेवले गेले हे खरे, तरी ही परीक्षा नको असे आम्ही म्हणणार नाही. कारण ती नसती तर सगळ्यात कच्चा डॉक्टर कुठे दवाखाना टाकतो? ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या टॉवरखाली नाही टाकत. तो आपल्या वस्तीत टाकतो. चाळणी काढली तर खडे आपल्याच ताटात येणार.

जात येते ती आधी, परदेशी जाण्याच्या निर्णयात. ज्याच्या घरात आधीचा कोणी डॉक्टर आहे, त्याला काका सांगतो, अमुक कॉलेजला जाऊ नकोस. आपल्या घरात पहिलाच मुलगा बारावी सायन्स झालेला, त्याला सांगणार कोण? मग स्टेशनजवळच्या ऑफिसातला, टाय घातलेला, "जय भीम साहेब" म्हणून चहा पाजणारा माणूसच काका होतो.

म्हणून आमचा आग्रह आहे की बाहेरचा विचार करण्याआधी घरातला हक्क मोजा. महाराष्ट्रात नीटच्या गुणांवर होणाऱ्या राज्याच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना १३ टक्के जागा आहेत. बीडीएसच्या जागाही त्यात येतात आणि साधारणपणे एमबीबीएसपेक्षा कमी गुणांवर मिळतात. सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, ही दोन्ही कल्याणहून लोकलने रोज जाण्यासारखी. नवी मुंबईत खासगी कॉलेजे आहेत. खासगी कॉलेजातही प्रवेश सामायिक प्रक्रियेतून झाला असेल, तर घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्यावर असलेल्यांना फ्रीशिप, महाडीबीटीवर अर्ज करून. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. अभिमत विद्यापीठांत राज्याचे आरक्षण नसते, हेही ध्यानात ठेवा, कारण पाटी तशीच दिसते आणि फी ऐकून माणूस खाली बसतो.

यासाठी लागते काय? जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. दाखल्यावर 'बौद्ध' आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही, १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या आहेत. पण वैधता बारावीत असतानाच काढायला घ्या. प्रवेशाच्या दिवशी वैधता नाही म्हणून जागा गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत. या मुलीचेही असेच झाले. नीटमध्ये तिला मिळालेल्या गुणांवर त्या वर्षी राखीव जागेतून खासगी कॉलेजात बीडीएस मिळण्याची बरीच आशा होती. वडिलांना कोणी सांगितले नाही, आणि एजंटने तर नाहीच. ज्या शिक्षणाची फी सरकारने भरली असती त्यासाठी त्यांनी आईचे दागिने मोडले.

आणि परदेशी जायचेच असेल तर इथे बीडीएस करून मग जावे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि ती पदव्युत्तर व पीएच.डी.साठी, जगातल्या वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठांत जाणाऱ्यांना मिळते. बीडीएस करून सार्वजनिक आरोग्याचे पुढचे शिक्षण घ्यायला या वाटेने जाण्यासारखे आहे.

दुसऱ्याच्या पाटीखाली

मुलगी परत आल्यावर घरी बसली होती. तेवढ्यात एक सोय चालून आली. एका डॉक्टरने सांगितले, माझ्या नावाची पाटी राहू दे, तू संध्याकाळी बसत जा, महिन्याला इतके देतो. घरातल्यांना वाटले, चला, हप्ता तरी सुटेल. आम्ही तिच्या आईला बसवून सांगितले की हे करू देऊ नका. नोंदणी नसताना दंतवैद्यक करणे गुन्हा आहे. पाटी कोणाची आहे याने तो माफ होत नाही. काही बिघडले तर पाटीवाला हात वर करतो आणि पोलिसांच्या कागदावर नाव येते पोरीचे. एकदा असे नाव आले की पुढे परीक्षा पास होऊनही नोंदणीला अडचण.

आणि बिघडते. कळव्याच्या एका आरोग्य शिबिरात एक बाई आल्या होत्या, जबडा सुजलेला, तोंड दोन बोटेही उघडेना. तीन दिवसांपूर्वी दाढ काढली होती. कोणी काढली? "ते पाटीवरचे डॉक्टर नव्हते, दुसरे बसतात." आम्ही त्यांना तशाच रिक्षात घालून कळव्याच्या महापालिका रुग्णालयात नेले. दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्यात उतरला तर सूज श्वासनलिका दाबते आणि माणूस काही तासांत जाऊ शकतो. दात काढल्यावर थोडे दुखणे, थोडी सूज चालते. पण जबड्याखाली सूज वाढत जाणे, गिळता न येणे, तोंड न उघडणे, ताप, आवाज घोगरा होणे, यातले काही झाले तर सकाळपर्यंत थांबू नका. ठाण्यात कळव्याचे रुग्णालय, कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर, जे जवळ असेल तिथे रात्रीच जा.

दवाखान्यात गेल्यावर खुर्चीत बसण्याआधी तीन गोष्टी बघायची सवय लावा. भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र आहे का आणि त्यावरचे नाव समोर बसलेल्या माणसाचेच आहे का. दंत परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते, घरातल्या मोबाईलवाल्या पोराला सांगा. दुसरे, हत्यारे वाफेच्या यंत्रातून, म्हणजे ऑटोक्लेव्हमधून काढलेली, बंद पाकिटातली आहेत का. नुसती डेटॉलच्या पाण्यात बुडवलेली चालत नाहीत, कावीळ बी आणि सी त्यातून पसरते. तिसरे, डॉक्टरने तुम्हाला साखर, रक्तदाब, रक्त पातळ करायची गोळी, गरोदरपण याबद्दल विचारले का. न विचारता पकड हातात घेणारा डॉक्टर, डिग्री कुठलीही असो, उठून यावे असा. विचारायला संकोच वाटतो हे आम्हाला कळते. आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारणे म्हणजे उर्मटपणा समजतात. पण आपण पैसे मोजतो.

कवळी बसवून देणारे तंत्रज्ञ वेगळे. कायद्यात त्यांचीही नोंद असते, पण त्यांचे काम कवळी बनवायचे. तोंडात हात घालून माप घेणे, दात काढणे हे त्यांचे काम नाही.

इथून बाहेर जाणाऱ्यांसाठी

उलट्या दिशेचे थोडक्यात. आपल्याकडचे बीडीएस बाहेरही जसेच्या तसे चालत नाही. दुबई, अबुधाबी, सौदी इथे आधी कागदांची पडताळणी, मग संगणकावरची परीक्षा, आणि बहुधा कामाचा अनुभवही मागतात. आमच्या बरोबरीच्या अनेक नर्स याच वाटेने आखातात गेल्या, त्यामुळे 'प्रोमेट्रिक' हा शब्द कल्याण-डोंबिवलीच्या घरांत नवा नाही. इंग्लंडमध्ये जनरल डेंटल कौन्सिलची ओआरई ही दोन भागांची परीक्षा आहे, एक लेखी आणि एक प्रत्यक्ष हाताने करून दाखवायची. तिला बसायलाच रुग्णांवर १६०० तास काम केल्याचा पुरावा लागतो. अमेरिकेत आयएनबीडीई नावाची ५०० प्रश्नांची दोन दिवसांची परीक्षा, आणि त्यावर बहुतेक राज्यांत तिथल्या कॉलेजात पुन्हा दोन-तीन वर्षांचे शिक्षण. त्याचा खर्च डोळे पांढरे करणारा. लग्न जमवताना "मुलगी डेंटिस्ट आहे, अमेरिकेत लगेच लागेल" असे जे बोलले जाते ते खरे नाही. मुलीच्या आईवडिलांनी हे लग्नाआधी विचारून घ्यावे. नाहीतर तिकडे जाऊन डॉक्टर पोरगी पाच वर्षे स्वयंपाकघरात बसते आणि इथली नोंदणीही नूतनीकरणाविना पडून राहते.

इंग्लंडची १६०० तासांची अट आम्हाला फार आवडली. पाच वर्षे शिकलास, पण माणसांवर किती तास काम केलेस, हे ती सरळ विचारते. बाहेरच्या कोणत्याही कॉलेजला पैसे भरण्याआधी आपणही हेच विचारावे. आणि तिथे शिकत असलेल्या आपल्या मुलांनी कोणत्या महिन्यात किती रुग्ण पाहिले, काय केले, याची वही ठेवून त्यावर शिक्षकाची सही घ्यावी.

त्या मुलीने आता एफडीएसटीची तयारी सुरू केली आहे. सकाळी विहाराच्या अभ्यासिकेत बसते. नायरच्या एका जुन्या विद्यार्थिनीने स्वतःची चार वर्षांची पुस्तके तिला दिली. दुपारी आमच्याबरोबर बालवाडीत येते, पोरांना दात घासायला शिकवते आणि त्यांच्या आज्यांना मशेरी सोडायला सांगते. उपचार करत नाही, तोंडात पांढरा चट्टा दिसला की चिठ्ठी लिहून सरकारी रुग्णालयात पाठवते. नावाआधी 'डॉ.' लावत नाही. फ्लेक्स वडिलांनी स्वतः उतरवला, फाडला मात्र नाही, गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे.

ज्यांच्या घरी कोणी बाहेर शिकते आहे किंवा जायचे ठरते आहे, त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. एजंटने दिलेले सगळे कागद, पावत्या, कॉलेजचे प्रवेशपत्र, नीटचे गुणपत्रक, जातीचा दाखला आणि वैधता यांच्या झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद घरीच ठेवा, आणि एजंटलाही ते देऊ नका. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी या.